अर्धा सूत

ओहोटी पुरती लागली की मी माप घ्यायला निघतो.
दुकानात फूटपट्टी आहे, शाईची गादी आहे,
पुण्याहून आणलेली काचेची पेटीही आहे, खालून दिवा लागणारी.
द्वारका कोयंडे तिच्यावर उभी राहिली नाही.
"फुटात म्हणान न्हय," म्हणाली,
"पण माजो तळवो असो उजेडात कोणी बघूक नको."

म्हणून देवगड बंदराच्या अलीकडं, वाळू जिथं ओली आणि घट्ट,
तिथं तिला म्हटलं, चाला.
माझ्याकडं बघू नका. लिलावाला उशीर झालाय तशा चाला.
ती चालली.
मी मागून, उकिडवा,
ठशांभोवती खिळ्यानं रेघ ओढत,
पुढचं पाणी यायच्या आत.

धडक्या पावलाच्या ठशात एक खाडी असते.
टाच या काठाला, चवडा त्या काठाला,
आणि मधे आतल्या अंगानं शिरलेली
न दबलेली वाळू.
तिच्या ठशातली खाडी बुजली होती.
एकतीस वर्षं बर्फाच्या लाद्या, बांगड्याच्या पाट्या,
धक्क्याचं ओलं सिमेंट.
उजवा अंगठा जरा जास्त रुतलेला,
कारण घमेलं ती उजव्या कमरेवर घेते.
हे तिनं सांगितलं नव्हतं.

आमच्या आळीतला भिका गवंडी चिऱ्याच्या कमानी बांधायचा.
खाली लाकडाचा साचा, त्यावर दोन्हीकडून चिरे,
मधला चिरा बसला की साचा ठोकून काढायचा.
"आता वजनच तिका धरून ठेवतला," म्हणायचा,
आणि स्वतः खाली उभा राहून विडी ओढायचा.
माझं काम त्याच्या उलटं.
कमान आधीच बसलेली,
साचा मागाहून आत सरकवायचा,
आणि तो कधीच काढायचा नाही.

पहिली जोडी मी पुस्तकाबरहुकूम केली.
बूच, वर मऊ कातडं, अठरा मिलिमीटर उंची.
देखणी झाली होती.
चौथ्या दिवशी ती पदराच्या गाठीतून परत आली,
बूच फुगलेलं, कातडं मासळीच्या पाण्यानं कडक.
"खडो घातलंस काय रे ह्येच्यात?"
मी सांगू लागलो,
पाय विसाव्या वर्षी असा होता, तो तसा उचलायचा तर...
"इसाव्या वर्साचो पाय माका नको.
सांजेपर्यंत उभ्या ऱ्हवाक व्हया.
बस."

तीन रात्री मी बुचाकडं बघत बसलो.
मग कांडाळीतून तुटून किनाऱ्याला लागलेला एक बोया उचलून आणला,
पांढरा, टणक, शेवाळ धरलेला.
ओझं अंगावर घेऊन वर राहणं
त्याला शिकवावं लागणार नव्हतं.
उभा चिरला. गरम पाण्यात वाकवला.
अठराचे बारा केले, बाराचे आठ.
टाचेकडून चढ असा हळू दिला
की कुठं सुरू झाला ते बोटालाही कळू नये.
मधे दोन भोकं, पाणी जायला.

बाबा मोरीजवळ बसून बघत होते.
कातडं नाही, दोरा नाही, एक टाका नाही.
"ही कसली चांभारकी," म्हणाले,
आणि माझ्या हातातली रापी घेऊन
तिला धार लावून दिली.

तिच्या निळ्या प्लास्टिकच्या सँडलमधे दोन्ही तुकडे चिकटवले.
रात्रभर वर पाटा ठेवला.

आता ती वाळूवरून जाते
तेव्हा उमटते नुसती सँडलची नक्षी, चौकड्याचौकड्यांची.
आत काय चाललंय, कमान टेकली की तरली,
मला काहीच वाचता येत नाही.
मी तरी खाली वाकून बघतो.
आठवड्यानं ती दुकानापुढं थांबली, टोपली न उतरवता.
मी विचारायच्या आत म्हणाली,
"डाव्याक अर्धो सूत कमी कर,"
आणि डावी सँडल पायानंच
माझ्याकडं सरकवून
एका पायावर उभी राहिली.